स्टुडिओप्रमुख वेगळा, निर्माता वेगळा

हॉलिवूडविषयी लिहिताना रॉबर्ट इव्हान्स यांना सर्रास ‘द गॉडफादर’चे निर्माते ठरवले जाते. ते त्या चित्रपटाचे निर्माते नव्हते. तो काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओचे ते निर्मितीप्रमुख होते, आणि तसेच लिहावे.

निर्माता म्हटले की आपल्याकडे पदरचे पैसे घालणारा, प्रसंगी घर गहाण टाकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओपटात पैसा सहसा कंपनीचा असतो. तो कोणत्या कथेवर लावायचा आणि हात कधी आखडता घ्यायचा, हे ठरवणारा स्टुडिओप्रमुख पगारी असून एकाच वेळी अनेक चित्रपटांचा विचार करत असतो. निर्माता मात्र एकेका चित्रपटाला जुंपलेला असतो. पटकथा, माणसे, परवानग्या, वेळापत्रक, सारे त्याच्या गळ्यात. ‘द गॉडफादर’साठी हे काम अल्बर्ट रडी यांनी केले. इटालियन-अमेरिकनांच्या संघटनेने विरोध केला, तेव्हा तिचे म्होरके जोसेफ कोलंबो यांच्याशी वाटाघाटी रडी यांनीच केल्या आणि पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द गाळण्याचे कबूल करून चित्रीकरणाची वाट मोकळी केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर १९५१च्या चित्रपटांपासून स्टुडिओला नव्हे, तर निर्मात्याला दिले जाते. म्हणून १९७३ साली ते रडी यांच्या हाती पडले. यात इव्हान्स यांचे महत्त्व कमी होत नाही, कारण मारिओ पुझो यांची मूळ कादंबरी पुरी होण्याआधीच पॅरामाउंटने तिच्यावर पैसे लावले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.



इव्हान्स यांच्या बाबतीत गुंता वाढतो, कारण पदावर असतानाच स्वतःच्या नावावर चित्रपट काढण्याची मुभा त्यांनी मिळवली होती. ‘चायनाटाउन’चे (१९७४) ते खरोखरच निर्माते होते. त्या चित्रपटासाठी फिलिप लॅम्ब्रो यांनी केलेले पार्श्वसंगीत ऐन वेळी बाद झाले आणि जेरी गोल्डस्मिथ यांनी सुमारे दहा दिवसांत नवे रचून दिले. असली धावपळ निर्मात्याच्याच वाट्याला येते. ऑस्करची ११ नामांकने मिळूनही पुरस्कार एकट्या रॉबर्ट टाउन यांच्या पटकथेला लाभला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत निर्माते इव्हान्स हरले ते ‘द गॉडफादर पार्ट टू’कडून, म्हणजे ज्या स्टुडिओचे ते निर्मितीप्रमुख होते, त्याच पॅरामाउंटच्या चित्रपटाकडून.