तपासणीला लाजायचं कशाला?

फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं आणि क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, एवढंच. बाधिताला सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद तेव्हा गोव्याच्या आरोग्य कायद्यातच होती. त्याच्या आईने कोर्टात दाद मागितली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. त्या वागणुकीचा मला आजही संताप येतो.

आता २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. तरी माणसं कचरतातच. गोवा लहान, ओळखी दाट. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, शेजारची मावशी दिसली तर काय सांगायचं? हीच भीती रोगजंतूंच्या पथ्यावर पडते, कारण लैंगिक संबंधांतून पसरणारे बरेच आजार गुपचूप वाढतात.

सिफिलिसचंच बघा. सुरुवातीला एखादा व्रण येतो, पण तो बहुधा दुखत नाही. योनीत किंवा गुदद्वारात असला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि माणूस म्हणतो, सुटलो! प्रत्यक्षात जंतू तोवर रक्तात पसरलेले असतात. पुढे कित्येक वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे यांना इजा होऊ शकते. गरोदरपणी बाळालाही लागण होऊ शकते. वेळीच कळलं तर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन बहुतेकदा पुरतं. क्लॅमिडिया या अशाच दुसऱ्या आजाराचं तर बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. गर्भनलिकांत वण राहू शकतात आणि मूल का होत नाही म्हणून शोध सुरू झाल्यावर ते उघड होतं.

डॉक्टरांनीही माणसाकडे नुसतं बघून अंदाज बांधू नये. जन्मतः मिळालेलं शरीर, आपण स्त्री की पुरुष की आणखी कुणी ही मनातली जाणीव आणि आपल्याला कुणाविषयी ओढ वाटते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दाढीवाल्या ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मतः स्त्रीचं शरीर मिळालेल्या पण मनाने पुरुष असलेल्या माणसाला, गर्भाशयमुख असेल तर त्यालाही तिथल्या कर्करोगाची तपासणी हवी. स्त्रीचे संबंध फक्त स्त्रीशी असले तरी एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूची, लागण होऊ शकते. म्हणून कोणते अवयव आहेत आणि संबंध कसा आला, एवढं स्पष्ट विचारावं, आपणही स्पष्ट सांगावं. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात, म्हणजे संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सगळ्यात उपयोगी.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. १०९७ या एड्सविषयक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारता येतं. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सिफिलिस किंवा क्लॅमिडिया निघाला तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार सोबतच करावेत. नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून त्याला पुन्हा लागण होते.