सृष्टिनिर्मितीवाद आणि उत्क्रांती : अमेरिकेतील शालेय वाद

सरकारी शाळांत जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीच्या जोडीने सृष्टिनिर्मितीवाद (सजीव देवाने निर्माण केले, हे मत) शिकवावा का, यावरून अमेरिकेत चाललेला कायदेशीर वाद. शासनाने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, हे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील कलम त्याच्या मुळाशी आहे. खासगी शाळांना हे बंधन नाही. सरकारी शाळेतही धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासात निर्मितीकथा शिकवता येते.

आरंभी मागणी उत्क्रांती शिकवण्यावर थेट बंदीची होती. टेनेसीत १९२५ साली तसा कायदा मोडल्याबद्दल शिक्षक जॉन स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरवली, या तांत्रिक चुकीवर १९२७ मध्ये शिक्षा रद्द झाली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. अशा बंद्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये (एपरसन खटला) घटनाबाह्य ठरवल्या. मग ‘दोन्ही शिकवा’ ही मागणी पुढे आली. लुइझियानाचा तसा कायदा १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. तथापि उत्पत्तीविषयी निरनिराळे वैज्ञानिक सिद्धांत धर्मनिरपेक्ष हेतूने शिकवण्यास त्याच निकालाने मोकळीक ठेवली. ‘बुद्धिमान रचना’ (सजीवांची गुंतागुंत हे कोणा बुद्धिमान रचनाकाराचे काम आहे, असे मत) हा पवित्रा याच फटीतून शिरला.

त्याची परीक्षा पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे झाली. उत्क्रांतीच्या सिद्धांतात उणिवा आहेत आणि बुद्धिमान रचनेवरचे पुस्तक ग्रंथालयात आहे, असे निवेदन नववीच्या वर्गात वाचण्याचे शाळामंडळाने २००४ मध्ये ठरवले. विज्ञानशिक्षकांनी नकार दिल्याने ते प्रशासकांना वाचावे लागले. अकरा पालक न्यायालयात गेले. सर्वांत बोलका पुरावा त्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांचा ठरला. १९८७ च्या निकालानंतर त्यांत ‘सृष्टिनिर्मितीवादी’ खोडून ‘रचनेचे पुरस्कर्ते’ घातले होते. व्याख्या जवळपास जुन्याच. एके ठिकाणी बदल अर्धवट राहून दोन्ही शब्दांचे कडबोळे झाले होते. बचाव पक्षाचे जीवरसायनतज्ज्ञ मायकेल बीही यांनी उलटतपासणीत कबूल केले, की विज्ञानाची आपली व्याख्या घेतली तर फलज्योतिषही त्यात बसेल.

न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकालात बुद्धिमान रचना हे विज्ञान नसून धार्मिक मत आहे, असे ठरवले. निकालाआधीच्या निवडणुकीत मंडळाचे उमेदवार पडले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. त्यामुळे हा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही. वकिलांच्या खर्चापोटी शालेय जिल्ह्याने १० लाख डॉलरहून थोडे अधिक भरले.

पुढचे कायदे देवाचे वा रचनेचे नावच घेत नाहीत. लुइझियाना (२००८) आणि टेनेसी (२०१२) यांनी उत्क्रांतीसारख्या विषयांच्या ‘चिकित्सक विश्लेषणा’चे निमित्त करून शिक्षकांना संरक्षण दिले. कायद्याच्या मजकुरात धर्म सापडत नसल्याने अशा वेळी वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले गेले, हेच सिद्ध करावे लागते.