मागणीचा अंदाज (नव्या बाजारात उतरताना)

एखाद्या गावात किंवा उपनगरात धंदा टाकायच्या आधी तिथे माल किती खपेल, कोण घेईल, काय भावाला घेईल आणि वर्षभर घेत राहील का हे आकड्यात मांडून बघायचं, याला मागणीचं विश्लेषण आणि पूर्वानुमान म्हणतात, बोलताना सगळे नुसतं 'मार्केट बघून आलो' म्हणतात. अर्थशास्त्रात मागणी धरायची तर इच्छा, खिशात पैसे आणि ते खर्चायची तयारी असं तिन्ही लागतं.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण केलॉग्जचं. १९९४ मध्ये कंपनी भारतात उतरली, आपल्या तळोज्याला कारखाना टाकला, पण कॉर्नफ्लेक्स थंड दुधात खायचे आणि आपल्याकडे घरोघरी दूध तापवून गरमच घेतात, त्यात फ्लेक्सचा पार लगदा व्हायचा, शिवाय किंमत जास्त आणि सकाळी पोहे-उपमा ठरलेले. नवं म्हणून लोकांनी एकदा पॅकेट नेलं, पुन्हा न्यायला फार कमी आले. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे, सुरुवातीचा खप कुतूहलाचा असतो, अंदाज बांधायचा तो दुसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

छोट्या धंद्यालाही हेच लागू. समजा तालुक्याच्या गावी इडली-डोशाचं तयार पीठ विकायचंय. घरं ६,०००, त्यातली दहा टक्के आठवड्याला एक किलो घेतील असं धरलं तर ६०० किलो, पण आधीचे विक्रेते आहेतच, आपल्याकडे पाव हिस्सा आला तरी १५० किलो. किलोमागे २० रुपये सुटले तर महिन्याला साधारण १३,००० आणि गाळ्याचं भाडं ८,०००, कामाला एक माणूस ९,०००, म्हणजे तोटाच. खर्च भागायलाच आठवड्याला २०० किलो हवेत.

आता ती ६,००० घरं कुठून आणायची? जनगणना २०११ ची, नंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्या त्यात नाहीत, म्हणून रात्री आठला स्वतः जाऊन किती फ्लॅटमध्ये लाइट लागलेत ते मोजायचं, विकलेले फ्लॅट आणि राहते फ्लॅट यात खूप फरक पडतो. नाक्यावर गिऱ्हाईक मोजायला आठवडी बाजाराच्या दिवशी उभं राहिलं तर आकडा फुगतो, निदान एक साधा वार, एक रविवार आणि एक बाजारवार तरी मोजावा. सीझनही धरावा लागतो, श्रावणात चिकन-अंडी उतरतात आणि साबुदाणा, भगर चढते, उसाचं बिल किंवा सोयाबीनचे पैसे हातात आले की गावातली खरेदी एकदम उठते, तेवढाच महिना बघून वर्षाचा हिशोब केला की माणूस फसतो.

म्हणून कमी, मध्यम, जास्त असे तीन अंदाज काढतात आणि कर्जाचा हप्ता कमीवाल्या आकड्यात बसतो का ते बघतात. सुरू झाल्यावर रोजचा खप वहीत लिहून तीन महिन्यांनी ताडून बघायचा, तो २०० किलोच्या जवळ सरकतच नसेल तर गाळ्याचा करार वाढवायच्या आधीच माल किंवा जागा बदलायची.