लिटल ऑक: एका इवल्या ध्रुवीय समुद्रपक्ष्याची पार्श्वभूमी

ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला थुले परिसरात दर वर्षी मे महिन्यात डोंगरउतार पक्ष्यांनी भरून जातात. पाठ काळी, पोट पांढरे, चोच आखूड, लांबी सुमारे २० सेंटिमीटर आणि वजन जेमतेम १६० ग्रॅम असा हा लिटल ऑक. एकट्या या परिसरात त्याच्या तीन कोटींहून अधिक जोड्या घरटी करीत असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिवाय स्वालबार्ड, फ्रान्झ जोसेफ लँड आणि नोवाया झेमल्या या उत्तर ध्रुवीय बेटांवरील वसाहती वेगळ्याच. इतक्या विपुल पक्ष्याची काळजी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पक्ष्यांच्या संख्येत मिळत नाही, ते हा पक्षी ज्या पाण्यावर जगतो त्या पाण्याच्या इतिहासात मिळते.

लिटल ऑकचे मुख्य अन्न म्हणजे कोपेपॉड, अर्थात काही मिलिमीटर लांबीचे, समुद्रात तरंगणारे कवचधारी जीव. ध्रुवीय थंड पाण्यातील कोपेपॉडच्या जाती आकाराने मोठ्या असून त्यांच्या शरीरात चरबीचा मोठा साठा असतो, तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहाबरोबर येणारी त्यांची भावकी लहान असते आणि तिच्यात चरबी कितीतरी कमी असते. पूर्व ग्रीनलंडमधील एका अभ्यासात असे दिसले की, पिल्लू वाढवणाऱ्या एका पक्ष्याला दिवसाला सुमारे ६०,००० कोपेपॉड लागतात. म्हणजे पाण्याखाली असताना त्याला सेकंदाला साधारण सहा जीव टिपावे लागतात. हा आकडा वाचल्यावर, भक्ष्यातील चरबी थोडी जरी घटली तरी त्याचा हिशेब का कोलमडतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. पंख आखूड असल्यामुळे तो पाण्याखाली चपळपणे पोहतो, पण त्याच पंखांनी हवेत उडणे त्याला फार खर्चाचे पडते, आणि म्हणून चांगले पाणी वसाहतीपासून फार दूर असून चालत नाही.

थुलेच्या वसाहती जिथे आहेत तिथेच का आहेत, याचा उलगडा यातून होतो. ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समियर बेट यांच्यामधील नेअर्स सामुद्रधुनीत हिवाळ्यात बर्फाचा एक कमानीसारखा बांध तयार होतो. तो उत्तरेकडून वाहत येणारा बर्फ अडवतो, आणि त्याच्या दक्षिणेला बॅफिन उपसागराच्या उत्तर टोकाशी विस्तीर्ण पाणी मोकळे राहते. नॉर्थ वॉटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाण्याला इनुइट, म्हणजे या ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवासी, पिकियालासोर्सुआक म्हणतात. तेथील तळ्यांच्या गाळाच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले आहे की लिटल ऑक सुमारे ४,४०० वर्षांपूर्वी येथे वस्तीला आले, आणि माणसाची या भागातील पहिली वस्तीही साधारण त्याच काळातली आहे. पुढे सुमारे २,२०० ते १,२०० वर्षांपूर्वीच्या काळात हे मोकळे पाणी अस्थिर झाले, तेव्हा माणसांचाही या भूभागातील वावर खंडित झालेला दिसतो. पक्षी, माणूस आणि बर्फ यांचे नाते इतक्या स्पष्टपणे मातीत नोंदलेले फार थोड्या ठिकाणी सापडते.

इंग्रज दर्यावर्दी विल्यम बॅफिन १६१६ मध्ये या पाण्यात पोहोचला. त्यानंतर दोन शतकांनी, १८१८ मध्ये, ब्रिटिश दर्यावर्दी जॉन रॉसची थुले परिसरातील इनुघुइट या इनुइट लोकांशी गाठ पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या लोकांजवळ कयाक आणि धनुष्यबाण उरले नव्हते. ती कौशल्ये १८६० च्या दशकात बॅफिन बेटाकडून कित्लार्सुआक या म्होरक्यासोबत आलेल्या स्थलांतरितांनी त्यांना पुन्हा शिकवली. मधल्या काळात समुद्रावर शिकार करणे अवघड झालेले असताना, लांब दांड्याच्या जाळीने हवेतच धरता येणारा हा पक्षी त्यांच्या उन्हाळ्याचा मोठा आधार होता. त्याच्या कातड्यांचे आतले अंगरखे शिवले जात. सीलच्या कातडीत शेकडो पक्षी भरून ती दगडांखाली महिनोन्‌महिने आंबवण्याची कीवियाक ही पद्धत हिवाळ्याची तरतूद होती आणि ती आजही टिकून आहे. या पक्ष्यांच्या विष्ठेने उतारांवर गवत माजते, आणि त्या गवतावर हंसक, ससे व कस्तुरीबैल चरतात. समुद्रातली सुपीकता जमिनीवर आणण्याचे इतके मोठे काम इतका छोटा जीव करतो, ही बाब मला या साऱ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटते.

विणीचा हंगाम आखूड असतो. दगडांच्या फटीत मादी एकच अंडे घालते आणि सुमारे २९ दिवस दोघे मिळून ते उबवतात. पिल्लासाठी अन्न गळ्यातील पिशवीत भरून आणले जाते. पिल्लू जवळपास चार आठवड्यांचे झाले की ते समुद्राकडे झेपावते. तोपर्यंत मादी बहुधा निघून गेलेली असते आणि पहिल्या प्रवासात बापच त्याच्यासोबत असतो.

त्यानंतर हे पक्षी नेमके कुठे जातात, हे बराच काळ तुकड्यातुकड्यांनीच कळत होते. १९३२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पार फ्लोरिडापर्यंत, वादळी वाऱ्यांनी हजारो लिटल ऑक येऊन पडले, आणि रॉबर्ट कुशमन मर्फी व विल्यम वोग्ट या पक्षी-अभ्यासकांनी त्या घटनेची तपशीलवार नोंद केली. पायात कडी अडकवलेले ग्रीनलंडचे काही पक्षी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या न्यूफाउंडलंड बेटाला सापडले, तेव्हा दिशा कळली, मार्ग मात्र कळला नाही. तो कळला प्रकाशमापक नोंदयंत्रांमुळे. दीडएक ग्रॅमचे हे यंत्र उजेडाच्या वेळा टिपून ठेवते, आणि पक्षी परतल्यावर त्यावरून त्याचे स्थान काढता येते. २००९ नंतरच्या अशा नोंदींतून दिसले की पूर्व ग्रीनलंडचे आणि स्वालबार्डचे पक्षी विणीनंतर ग्रीनलंड समुद्रात जमतात, तिथे पिसे गाळतात आणि काही काळ उडू शकत नाहीत. त्यानंतर पूर्व ग्रीनलंडचे पक्षी न्यूफाउंडलंडपाशी हिवाळा घालवायला निघतात. थुलेचे पक्षीही त्याच पाण्यात येतात. निरनिराळ्या वसाहतींचे कोट्यवधी पक्षी त्यामुळे वर्षातील काही महिने सागराच्या तुलनेने आटोपशीर भागात एकवटतात.

तापमानवाढीचा परिणाम दक्षिणेच्या कडेला आधी दिसला: आइसलंडच्या ग्रिम्से बेटावरील लहानशी वसाहत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाहीशी झाली. फ्रान्झ जोसेफ लँडमध्ये मात्र वेगळे दृश्य आढळले. तिथे भोवतालचा समुद्री बर्फ ओसरला, तेव्हा वितळत्या हिमनद्यांचे पाणी जिथे समुद्राला मिळते त्या सीमेवर गोळा होणारे जीव पक्ष्यांनी टिपले. पिल्लांची वाढ नेहमीसारखी राहिली, प्रौढांचे वजन मात्र काहीसे घटले. यावरून हा पक्षी लवचीक आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण हिमनद्या मागे हटत गेल्या तर तो आधारही कायमचा नसेल.

नेअर्स सामुद्रधुनीतील बर्फाचा बांध अलीकडे काही वर्षी धरलाच नाही. इनुइट सर्कम्पोलर कौन्सिलने स्थापन केलेल्या आयोगाने २०१७ च्या अहवालात पिकियालासोर्सुआकचा कारभार इनुइट लोकांच्या हाती असावा, अशी शिफारस केली. ती मान्य झाली तरी पक्ष्याचे निम्मे वर्ष तिच्या बाहेर राहते. न्यूफाउंडलंडपासच्या ज्या पाण्यात थुलेचे पक्षी हिवाळा काढतात, तिथे १९९७ पासून हायबर्निया तेलक्षेत्रातून तेल उपसले जात आहे, आणि जहाजांची वर्दळही आहे. पाण्यावर बसूनच दिवस काढणाऱ्या पक्ष्याच्या पिसांना तेलाचा पातळ थर लागला तरी त्यांची ऊब टिकत नाही, आणि त्या थंडीत ऊब गेली की पक्षी वाचत नाही.