वायुप्रदूषक प्रकल्पांची स्थाननिवड

औष्णिक वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरण, सिमेंट, खते अशा हवा बिघडवणाऱ्या उद्योगांसाठी जागा ठरवण्याची प्रक्रिया. धुराड्यातला धूर वर्षभरात कुणाच्या अंगणात उतरेल, याचा अंदाज जमीन घेण्याआधी बांधणे हा तिचा गाभा. त्यासाठी वाऱ्याची ऋतुवार दिशा व वेग, भूरूप आणि हवेतील तापमानाचे थर तपासतात. थंडीत गार हवा उबदार थराखाली अडकते आणि खोऱ्यात धूर झाकण घातल्यासारखा कोंडतो. १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात अशाच दिवसांत सुमारे ६० जण दगावले. १९४८ मध्ये अमेरिकेतील डोनोरा गावात २०.

भारतात १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याने कारखाना उभारण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बंधनकारक केली. केंद्राच्या १९८५ च्या मार्गदर्शक सूचनांनी संवेदनशील क्षेत्रे व मोठ्या शहरांपासून २५ किमी, तर भरतीरेषा, महामार्ग आणि लोहमार्गापासून अर्धा किमी अंतर सुचवले. आकडे नकाशावर मोजायला सोपे. वारा मात्र किलोमीटर मोजत नाही. पर्यावरणावरील परिणाम तपासण्याबाबतच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीही घ्यावी लागते.

डहाणूचे उदाहरण बोलके आहे. चिकूच्या वाड्यांच्या या तालुक्यात किनाऱ्यालगत ५०० मेगावॉटच्या कोळसा वीजकेंद्राला परवानगी मिळाली. समुद्रावरचा वारा दिवसा जमिनीकडे, म्हणजे वाड्यांकडेच वाहतो. विरोध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण १९९१ मध्ये परवानगी कायम राहिली. त्याच वर्षी केंद्राने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून नव्या उद्योगांवर बंधने घातली. वीजकेंद्र तेवढे आत राहिले. १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणरक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या पाठपुराव्यामुळे धुरातील गंधक काढणारी यंत्रणा २००७ मध्ये बसली. नुसते उंच धुराडे हा उपाय अपुरा असतो: त्याने धूर विरळ होतो आणि दूरच्या गावाच्या वाट्याला जातो.

नियमांचा सारा रोख कारखान्याच्या जागेवर असतो. कारखान्याशेजारी घरे कुणी बांधावीत, याबाबत ते ढिले पडतात. मुंबईत माहुल-चेंबूरला तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात आले. पुढे शहर त्यांना येऊन भिडले आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन इमारती त्यांच्या शेजारीच उभ्या राहिल्या. आणखी कुटुंबांना माहुलला पाठवू नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.