नागरी लोकसंख्यावाढ : श्रीमंत आणि गरीब प्रदेशांतील

शहरांत राहणाऱ्यांच्या संख्येत होणारी वाढ म्हणजे नागरी लोकसंख्यावाढ. नागरीकरण ही तिच्या शेजारची, पण वेगळी संकल्पना आहे. एकूण लोकसंख्येत शहरवासीयांचा वाटा वाढला, तरच नागरीकरण झाले असे म्हणतात. खेडी आणि शहरे सारख्याच वेगाने वाढली, तर शहरांत लाखोंची भर पडूनही नागरीकरण जागच्या जागी राहते. वर्तमानपत्री चर्चेत या दोहोंची सरमिसळ नेहमी होते आणि शहरात वाढलेला प्रत्येक माणूस कुठल्या तरी गाडीतून उतरला असणार, असा समज पसरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अंदाजांनुसार 1950 मध्ये जगातले 30 टक्के लोक, म्हणजे सुमारे 75 कोटी, शहरांत राहत होते. 2018 मध्ये ते 55 टक्के, म्हणजे सुमारे 420 कोटी झाले. हा वाटा उत्तर अमेरिकेत 82 टक्के, युरोपात 74, आशियात सुमारे 50 आणि आफ्रिकेत 43 टक्के होता. पुढची वाढ मात्र नेमकी उलट्या बाजूला आहे. 2050 पर्यंत शहरांत पडणाऱ्या भरीपैकी सुमारे 90 टक्के भर आशिया आणि आफ्रिकेत पडेल आणि भारत, चीन व नायजेरिया हे तीनच देश तिच्यातला 35 टक्के हिस्सा उचलतील, असा अंदाज होता. श्रीमंत तेवढे शहरी, हे समीकरण लॅटिन अमेरिकेत फसते. तिथे 81 टक्के लोक शहरांत राहतात, पण उत्पन्न युरोपच्या बरेच मागे आहे.

आजच्या श्रीमंत देशांतली शहरे वाढली ती गिरण्या, गोद्या आणि रेल्वेच्या बळावर, आणि सतत येत राहणाऱ्या माणसांवर. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होते; बाहेरून भरणा झाला नसता तर ते शहर आक्रसले असते. 1854 मध्ये सोहो भागातल्या कॉलऱ्याचे मूळ जॉन स्नो यांनी पाण्याच्या पंपात दाखवले. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेला नाक दाबावे लागले आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांची भुयारी गटारे झाली. पैसा, पाणी आणि माणसे साधारण एकाच काळात आली. 1801 मध्ये सुमारे 11 लाखांचे असलेले बृहद् लंडन 1901 मध्ये 65 लाखांच्या वर गेले होते, म्हणजे शंभर वर्षांत सहापट.

मुंबईची सुरुवातीची वाढ याच वळणाची होती. गिरण्यांत कोकणातले आणि घाटावरचे पुरुष येत, बायकापोरे गावी राहत. 1896 मध्ये प्लेग आला. 1891 मध्ये सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या 1901 च्या जनगणनेत पावणेआठ लाखांवर उतरलेली दिसते. दाट वस्त्यांतून रस्ते काढण्यासाठी 1898 मध्ये सुधार विश्वस्त मंडळ नेमले गेले, तेही प्लेगच्या धाकानेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर गरीब देशांत गोष्ट बदलली. लसी, प्रतिजैविके आणि डीडीटी यांमुळे मृत्युदर झपाट्याने उतरला, जन्मदर मात्र बराच काळ वर राहिला. शहर माणसे गिळेनासे झाले. उलट पाळणे शहरातच हलू लागले. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी 1979 मध्ये दाखवले, की विकसनशील देशांतल्या नागरी वाढीत सरासरी सुमारे 60 टक्के वाटा नैसर्गिक वाढीचा, म्हणजे शहरातल्याच जन्म-मृत्यूंमधल्या फरकाचा आहे. ‘खेड्यांतून येणारे लोंढे’ ही म्हणूनच अर्धीच हकिकत. नायजेरियातले लागोस 1950 मध्ये जेमतेम सव्वातीन लाखांचे होते, 2018 मध्ये ते 1.3 कोटींवर गेले. अडुसष्ट वर्षांत चाळीसपट. लंडनची गटारे बांधणाऱ्यांना इतकी घाई कधीच नव्हती.

अपवादही बोलके आहेत. चीनमध्ये जन्मदर लवकर घसरला, त्यामुळे तिथली नागरी वाढ मुख्यतः स्थलांतराची आहे. तीही 1958 पासूनच्या ‘हुकोऊ’च्या, म्हणजे गावच्या नोंदीमुळे शहरातले हक्क अडवणाऱ्या कुटुंब-नोंदणीच्या, कुंपणातून. 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालेल्या शेंझेनची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत सुमारे 1.75 कोटी भरली. झांबियात तांब्याचे भाव कोसळल्यावर माणसे खाणींच्या शहरांतून गावी परतली आणि 1980 ते 2000 दरम्यान शहरी लोकसंख्येचा वाटा चक्क घटला.

देशादेशांची तुलना करताना शहर कशाला म्हणायचे, हा प्रश्न आधी येतो. डेन्मार्कला 200 वस्तीचे गाव शहर म्हणून चालते, जपानमध्ये शहराच्या दर्जासाठी साधारण 50,000 लोक लागतात. भारतात किमान 5,000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला 400 ची घनता आणि 75 टक्के मुख्य पुरुष कामगार शेतीबाहेर, या तीन अटी पुऱ्या करणारे गाव ग्रामपंचायत असतानाही ‘जनगणना नगर’ ठरते. अशी नगरे 2001 मध्ये 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. तिथले लोक कुठेही गेले नाहीत. शहरच त्यांच्या दाराशी आले. हद्दवाढीचेही तेच. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, तेव्हा तिथले रहिवासी घर न सोडता पुणेकर झाले. मोजणीची व्याख्या बदलली की क्रमवारीही उलटते. सर्व देशांना एकच निकष लावणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या आवृत्तीत जगातले सर्वांत मोठे शहर टोकियो राहिले नाही, जकार्ता ठरले.

श्रीमंत प्रदेशांत आता वाढ मंद आहे आणि जी आहे ती पुष्कळशी परदेशांतून येणाऱ्यांमुळे. काही शहरे आक्रसतही आहेत. अमेरिकेतले मोटारींचे डेट्रॉइट 1950 मध्ये साडेअठरा लाखांचे होते, 2020 मध्ये 6.4 लाखांवर आले. कारखान्यांबरोबर माणसे उपनगरांत आणि त्याही पलीकडे गेली.

शहराचा गाभा रिकामा होणे हे मात्र श्रीमंतांपुरते उरलेले नाही. 2001 ते 2011 या दशकात कुलाबा ते माहीम-शीव एवढ्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळींतली कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरारकडे सरकली आणि त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला.