प्रबंध टायपिंगला देण्याआधी एवढं वाचा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या टायपिंगच्या काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "सगळा प्रबंध एकदम आणला तर आठ दिवसांत होईल का?" टाइप होईल हो. पुरा होणार नाही.

घोडं अडतं ते संदर्भांपाशी. मागच्या मे महिन्यात खानापूरकडचे एक सर 260 हस्तलिखित पानं घेऊन आले. सबमिशनला 12 दिवस. अक्षर मोत्यासारखं, पण 43 तळटीपांना पान क्रमांकच नाही. झेरॉक्सचा गठ्ठा होता, त्यात पानांचे खालचे कोपरे कापले गेलेले आणि पुस्तकाचं शीर्षकपान एकाचंही नाही. बरीचशी पुस्तकं कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहिलेली. मग एसटीनं तीन खेपा, रात्री जागरण, शेवटी ताप. आमचं एक मशीनही तेवढे दिवस त्याच फाईलला अडकलं.

तेव्हा झेरॉक्स काढतानाच शीर्षकपान आणि त्यामागचं आवृत्ती-प्रकाशकाचं पान यांची प्रत घ्या, आणि पान क्रमांक त्याच क्षणी पेनानं लिहा. 'नंतर बघू' म्हटलेली टीप सापडत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही एका वेळी एकच प्रकरण घेतो. "भाव खाता" असं काही जण म्हणतात. म्हणोत. एका दमात केलेल्या कामात चुका राहतात आणि त्या दुरुस्त करायला पुन्हा आमच्याच दारात यावं लागतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला किमान 3, कमाल 6 वर्षं आहेत. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावीच लागते, मग लिखाण तेवढं शेवटच्या महिन्यावर कशाला?

नोकरी करणाऱ्यांनी शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोन पानं आणून द्यावीत. सोमवारी रुंद समास सोडलेली प्रिंट मिळेल, गाईडला थेट दाखवा. रोप लावणीचे आठवडे आणि गणपती सोडले तरी वर्षाला ऐंशी-नव्वद पानं होतात. त्या सुट्टीत प्रबंध खुशाल कपाटात ठेवा. आम्हीही गणपतीत दुकान बंदच ठेवतो.

टायपिंग युनिकोडमध्येच करतो, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत. जुन्या फॉन्टमधला मजकूर साहित्यचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, 'र्‍या' तर हमखास. जुनी फाईल असेल तर आधी दाखवा, दुरुस्तीचा दर वेगळा पडतो. कन्नड मजकूर टाइप करणारी मुलगीही आमच्याकडे आहे.

शनिवारी नियमित पानं देणाऱ्यांना पहिली दुरुस्ती फुकट, आणि बाईंडिंगवरच्या सोनेरी अक्षरांचे पैसे घेत नाही. रविवारी दुकान बंद.